ॲव्हरेज किती देते?



नवी गाडी दारात आली की बडोद्यात पहिला प्रश्न काय येतो, हे तुम्हाला सांगायला नको. पेढा तोंडात जायच्या आधी शेजारचे काका विचारतात, ‘ॲव्हरेज किती देते?’ रंग, शिटा, गाणी वाजवायची सोय हे सगळं नंतर. आमच्या घरी तर या प्रश्नाची वही होती. बाबा मकरपुऱ्याच्या एका कारखान्यात टर्नर होते. स्कूटरमध्ये पेट्रोल टाकलं की तारीख, किलोमीटर, लिटर आणि भागाकार असे चार रकाने ते भरत. वहीला रबर लावलेलं असायचं. मी बीईला असताना त्या वहीची थट्टा करायचो. यंदाच्या उन्हाळ्यात ती थट्टा माझ्या अंगाशी आली, त्याची ही गोष्ट.

मी राहतो डेट्रॉईटच्या उत्तरेला, रॉयल ओक नावाच्या गावात. बाबा एप्रिलमध्ये आमच्याकडे सहा महिन्यांसाठी आले. पहिले पंधरा दिवस नातीबरोबर मजेत गेले. मग नातीची शाळा, सुनेचं ऑफिस, माझ्या मीटिंगा, आणि रस्त्यावर चिटपाखरू नाही. ‘घरात बसून करू तरी काय?’ असं दोनदा म्हणून झालं आणि मेच्या सुरुवातीला त्यांनी तिकीट अलीकडे घेता येईल का, असं विचारलं. परदेशी असलेल्या प्रत्येक मुलाला हा प्रश्न ठाऊक आहे. त्याला उत्तर नसतं.

उत्तर मिळालं दोन घरं सोडून. तिथे चौऱ्याहत्तर वर्षांचे एक गृहस्थ एकटेच राहतात, मोटारीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. माझी मुलगी त्यांना शेजारआजोबा म्हणते. एके दिवशी त्यांचं गॅरेज उघडं होतं. आत १९७० सालची शेव्हरले शेव्हेल मालिबू, तिचं इंजिन काढून स्टँडवर लावलेलं, आणि टेबलावर मायक्रोमीटरची पेटी. फिरायला निघालेले बाबा तिथे थांबले. बाबांना इंग्रजी बेताचं, त्यांना मराठी शून्य. बाबांनी पेटीकडे बोट दाखवलं, त्यांनी मान हलवली. बाबांनी मायक्रोमीटर उचलला, जबडे पुसले, आधी शून्य बरोबर येतं का ते पाहिलं आणि मग तो त्यांच्या हातात दिला. शून्य तपासून घेणारा माणूस आपल्यातला, हे ओळखायला भाषा लागत नाही. त्या दिवशी बाबा जेवायला अडीच वाजता घरी आले.

आता थोडं या गाडीविषयी. ‘मसल कार’ म्हणजे मध्यम आकाराच्या, घरगुती गाडीत मोठ्या गाडीचं इंजिन. १९६४ च्या मॉडेलसाठी पाँटियॅक कंपनीत जॉन डिलोरियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टेम्पेस्ट या साध्या गाडीत ३८९ घनइंचांचं, म्हणजे सुमारे ६.४ लिटरचं इंजिन बसवलं. मध्यम गाडीत ३३० घनइंचांपेक्षा मोठं इंजिन नको, असा जनरल मोटर्सचा नियम होता. यांनी ती वेगळी गाडी न म्हणता एक ‘ऑप्शन’ म्हणून विकली आणि तिचं नाव ठेवलं जीटीओ. पुढची सहा-सात वर्षं अमेरिकेत अश्वशक्तीची शर्यतच लागली. १९७० मध्ये शेव्हेल ४५० अश्वशक्तीपर्यंत पोचली. आमच्या घराजवळचा वुडवर्ड ॲव्हेन्यू हा या गाड्यांच्या सिग्नल-ते-सिग्नल शर्यतींचा रस्ता.

मग १९७१ पासून कमी शिशाच्या पेट्रोलसाठी इंजिनांचं कॉम्प्रेशन उतरलं, आणि ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब देशांनी तेल बंद केलं. पंपांवर रांगा लागल्या, महामार्गावर ताशी ५५ मैलांची मर्यादा आली. काल ज्या गाडीसाठी पोरं जीव टाकत होती, ती आज कोणी फुकट घेईना. शेजारआजोबांनी ही मालिबू घेतली ती १९७४ मध्ये, स्वस्तात, याच कारणामुळे. लग्न नुकतंच झालं होतं.

दर शरद ऋतूत ते दोघं या गाडीने उत्तरेला मॅकिनॉच्या पुलापर्यंत जात. अंतर सुमारे २८० मैल. टाकी वीस गॅलनची आणि गाडी गॅलनला दहा मैल द्यायची, म्हणजे आपल्या हिशेबाने लिटरला सव्वाचार किलोमीटर. दोनशे मैलांवर ग्रेलिंग गाव येई आणि तिथे पंपावर थांबावंच लागे. बायको दर वर्षी म्हणायची, एकदा तरी न थांबता पुलापर्यंत जाऊ या. ती चार वर्षांपूर्वी गेली. गाडी त्याआधीच कित्येक वर्षं बंद पडून होती. आता त्यांना इंजिन नव्याने बांधायचं होतं आणि एका टाकीत पुलापर्यंत जायचं होतं. पण त्याच वेळी त्यांना विशीतली ताकद हवी होती, आणि वुडवर्डवर ऐकू यायचा तो सिग्नलवरचा घडघडाटही हवा होता.

मी सॉफ्टवेअरवाला. दोन उलट्या दिशांच्या मागण्या दिसल्या की आम्ही स्प्रेडशीट उघडतो. उघडली.

पहिली गोष्ट कळली ती ही, की सपाट रस्त्यावर ताशी ६५ मैलांनी एवढी गाडी ढकलायला साधारण ३० अश्वशक्ती पुरते. इंजिनात आहे तिच्या आठ-दहा पट. म्हणजे प्रवासाचा बहुतेक वेळ इंजिन जवळजवळ बंद थ्रॉटलमधून श्वास घेत असतं. उसाचा रस चिमटलेल्या नळीतून ओढावा तसं. ओढण्यातच दम जातो. ताकद लागते ती क्षणभर, पेट्रोल जातं ते तासन्‌तास. म्हणून प्रश्न ‘ताकद की ॲव्हरेज’ असा नसून ‘इंजिन बहुतेक वेळ काय करत असणार’ असा आहे. जुन्या गाड्या बांधणारे पुष्कळ जण इथेच चुकतात. ते क्षणासाठी इंजिन बांधतात आणि तासन्‌तास त्याचे पैसे भरतात.

दुसरी गोष्ट कॉम्प्रेशन. पिस्टन तळाला असतानाची जागा आणि वर असतानाची जागा यांचं हे गुणोत्तर. ते वाढवलं की त्याच पेट्रोलातून ताकदही जास्त आणि ॲव्हरेजही जास्त. दोन्ही एकाच दिशेने नेणारी ही दुर्मीळ गोष्ट. पण फार वाढवलं तर मिश्रण वेळेआधी आपोआप पेटतं, म्हणजे नॉकिंग होतं आणि पिस्टन फुटतात. बिडाच्या हेडला, साध्या ८७ ऑक्टेनवर, नऊच्या आसपास थांबणं शहाणपणाचं. (इथलं ८७ आणि आपल्याकडचं पूर्वीचं ९१ जवळपास एकच, मोजायची पद्धत वेगळी.)

इंजिन ३५० घनइंचांचं, बोअर ३० थाऊ वाढवलेलं. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. एका सिलिंडरचं आकारमान ७२७ सीसी, हेडमधली पोकळी ७६, गॅस्केट, पिस्टनवरचे खाचे, सगळं भरलं. उत्तर आलं ९.०५. मी खूश. गॅस्केट मागवलं, कॅमशाफ्ट निवडला, जोडणीचा दिवसही ठरवला.

शनिवारी बाबांनी पिस्टन वर आणून त्यावर डायल लावला. मग दुसऱ्यावर, मग आठही पाहिले. माझ्याकडे वळून म्हणाले, ‘पिस्टन ब्लॉकच्या तोंडापर्यंत येत नाही. ४५ थाऊ खाली राहतो. तू किती धरलास?’

मी शीट पाहिली. तो रकाना मी भरलाच नव्हता. कोऱ्या रकान्याला शीटने शून्य धरलं होतं. दुरुस्तीसाठी मिळणारे पिस्टन बरेचदा किंचित बुटके असतात. ब्लॉक पुढे कधीतरी घासावा लागेल, म्हणून ती सोय असते. बाबांना हे सांगावं लागलं नाही, मला लागलं. खरा आकडा टाकला तर कॉम्प्रेशन ८.३ वर आलं. शिवाय पिस्टन आणि हेडच्या सपाट भागातली फट ८४ थाऊ, दोन मिलिमीटरच्या वर. ही फट एक मिलिमीटरच्या आसपास असेल तर पिस्टन वर येताना मिश्रण जोरात मध्यभागी ढकललं जातं, घुसळतं आणि लवकर जळतं. फट मोठी राहिली तर कॉम्प्रेशन कमी असूनही नॉकिंगचा धोका वाढतो. म्हणजे ताकद गेली, ॲव्हरेज गेलं आणि वर डोकेदुखी.

मी म्हटलं, ‘आता सगळं आलंय, जोडून टाकू. थोडाच फरक आहे.’ बाबा माझ्याशी मराठीच बोलतात, पण एखादी गोष्ट पक्की असली की कारखान्यातली गुजराती बाहेर येते. म्हणाले, ‘नहीं चाले.’ शेजारआजोबांना भाषांतर लागलं नाही.

ब्लॉक मशीन शॉपला गेला. बाबा सोबत गेले आणि कटर फिरत असताना दोन तास उभे राहिले. ३५ थाऊ काढले, गॅस्केट २८ थाऊंचं घेतलं. फट ३८ थाऊ, कॉम्प्रेशन पुन्हा नऊ. जुनं हेडच ठेवलं, फक्त एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या बैठकी कडक पोलादाच्या बसवल्या. जुन्या पेट्रोलातलं शिसं त्या बैठकींना झिजण्यापासून वाचवायचं. इथे रस्त्यावरच्या गाड्यांसाठी ते १९९६ पासून पूर्ण बंद आहे.

मग आला कॅमशाफ्ट, आणि इथे शेजारआजोबा अडले. व्हॉल्व्ह किती वेळ उघडे राहणार, हे कॅम ठरवतो. जास्त वेळ उघडे राहिले तर वरच्या फेऱ्यांना इंजिन भरपूर हवा घेतं आणि ताकद वाढते. पण मग दोन्ही व्हॉल्व्ह एकत्र उघडे राहण्याचा काळही वाढतो. हळू फेऱ्यांना जळका धूर परत आत ओढला जातो, थोडं ताजं मिश्रण न जळताच बाहेर निसटतं आणि इंजिन अडखळत चालतं. तोच तो सिग्नलवरचा प्रसिद्ध घडघडाट. मी हे चित्र काढून समजावलं. बाबांनी चित्र पाहिलं आणि म्हणाले, ‘म्हणजे तो आवाज पेट्रोलचाच आहे की.’ मी भाषांतर केलं. शेजारआजोबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, बायको त्या आवाजात कानात बोटं घालून बसायची. २३० अंशांचा कॅम परत गेला आणि २१० च्या आसपासचा आला. पाच हजार फेऱ्यांच्या वरची थोडी ताकद गेली. तिथे जायचं कोणाला होतं?

कार्ब्युरेटर त्यांच्याच माळ्यावर निघाला. रॉचेस्टरचा क्वाड्राजेट, १९६५ सालापासूनचं डिझाइन. याला चार तोंडं असतात. पुढची दोन लहान, मागची दोन मोठी. रोजच्या चालण्यात फक्त लहान तोंडं काम करतात, त्यांतून हवा वेगाने जाते आणि पेट्रोल बारीक फवारलं जातं. पाय दाबला की मोठी तोंडं उघडतात. जोडीला डिस्ट्रिब्युटरवरचा व्हॅक्यूम ॲडव्हान्स. ‘रेसिंग गाडीला हा नसतो’ म्हणून हौशी लोक तो काढून फेकतात. यांनीही १९७५ मध्ये काढला होता. पण हलक्या भारावर मिश्रण विरळ असतं आणि सावकाश जळतं, त्यामुळे ठिणगी लवकर पडावी लागते. हा डबा नेमकं तेच करतो आणि पूर्ण थ्रॉटलला आपोआप बाजूला होतो. ताकदीत काडीचा फरक नाही, ॲव्हरेजमध्ये मात्र पडतो. पन्नास वर्षांपूर्वीच्या पोराची चूक शेजारआजोबांनी हसत दुरुस्त केली.

सगळ्यात मोठा फायदा मात्र इंजिनाबाहेर होता. जुना गिअरबॉक्स तीन गिअरचा, पहिला २.५२ चा आणि शेवटचा सरळ एकास एक. उठाव यावा म्हणून त्यांनी मागे ३.७३ चा डिफरन्शियल टाकला होता. ६५ मैलांच्या वेगाला इंजिन ३१०० फेऱ्यांवर ओरडायचं. आम्ही १९८२ सालापासून निघालेला चार गिअरचा ओव्हरड्राइव्ह बॉक्स घेतला, पहिला ३.०६ आणि चौथा ०.७०, आणि मागे ३.०८. आता गुणाकार करून पाहा. आधी २.५२ गुणिले ३.७३, म्हणजे ९.४. आता ३.०६ गुणिले ३.०८, म्हणजेही ९.४. सिग्नलवरून सुटताना उठाव तोच. पण ६५ मैलांना फेऱ्या १८००. दोन्ही मागण्या एकाच वेळी पुऱ्या झालेली ही एकच जागा, आणि ती इंजिनात नव्हतीच. मी तीन आठवडे इंजिनाची शीट रंगवत होतो.

पैशाचं खरं सांगतो, कारण तुम्ही विचारणारच. बॉक्स आणि तो बसवायचा खर्च २८०० डॉलर झाला. गाडी वर्षाला फार तर दीड हजार मैल चालणार. दहाऐवजी सतरा मैल मिळाले तर ६० गॅलन वाचतील, म्हणजे दोनशे डॉलरच्या थोडं वर. वसुलीला तेरा वर्षं. बाबांनी हा हिशेब वहीत मांडून दाखवला. शेजारआजोबांनी तो वाचला आणि म्हणाले, मला पैसे वाचवायचे नाहीत, ग्रेलिंग वाचवायचं आहे.

ऑगस्टच्या शेवटी इंजिन पहिल्यांदा सुरू झालं. या जातीच्या कॅमला पहिली वीस मिनिटं दोन हजार फेऱ्यांच्या खाली येऊ द्यायचं नसतं, नाहीतर कॅमचे उंचवटे कायमचे घासून जातात. जस्त असलेलं तेल घातलं, ठिणगीची वेळ आधीच लावून ठेवली. इंजिन दुसऱ्या सेल्फला पेटलं. शेजारआजोबा थ्रॉटलवर, मी तापमानाच्या काट्यावर, आणि बाबा लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक ब्लॉकला आणि मूठ कानाला लावून प्रत्येक सिलिंडर ऐकत. वीस मिनिटं कोणी बोललं नाही. मग बाबांनी स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला आणि चहा मागितला.

सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही तिघं निघालो. पहाटे टाकी तोंडापर्यंत भरली, टायरची हवा तपासली, बाबांनी वहीत किलोमीटरच्या रकान्यात मैल लिहिले. ग्रेलिंगला थांबावं लागलंच. टाकीला गरज नव्हती, दोघा म्हाताऱ्यांना होती. पण पंपाच्या बाजूला गाडी वळली नाही. पुलाच्या अलीकडच्या गावात पोचलो तेव्हा २८१ मैल झाले होते. शेजारआजोबांनी इंजिन बंद केलं आणि स्टिअरिंगवर हात ठेवून तसेच बसून राहिले. आम्ही दोघं उतरून पंपाकडे चालत गेलो, उगाचच. थोड्या वेळाने ते गाडी घेऊन आले. टाकीत १६.५ गॅलन बसलं. गॅलनला १७ मैल.

बाबांनी भागाकार दोनदा केला, मग लिटरमध्ये केला आणि म्हणाले, ‘सव्वासात. आपली स्कूटर पंचेचाळीस द्यायची.’ मी हेही भाषांतर करून सांगितलं. इतकं हसताना मी शेजारआजोबांना पाहिलं नव्हतं.

दसऱ्याला गाडीच्या बॉनेटवर झेंडू आणि शेजारी मायक्रोमीटरची पेटी ठेवून पूजा झाली. त्यानंतर तीन दिवसांनी बाबा ठरलेल्या तारखेला बडोद्याला परतले. तिकीट अलीकडे आणायचा विषय पुन्हा निघाला नव्हता. बीई होऊन मला पंधरा वर्षं झाली, पण बाबांच्या हाताखाली मी पहिल्यांदाच काम केलं. कोरा रकाना ही माझी चूक त्यांनी शेजारआजोबांना सांगितली नाही. मीच सांगितली.

आता दर वेळी पेट्रोल भरलं की शेजारआजोबा मला फोनवर दोन आकडे पाठवतात, वर त्यांच्या उच्चारात एक शब्द म्हणतात, ‘ॲव्हरेज’. मी ते आकडे बडोद्याला कळवतो. तिथे वहीत नवं पान लागलं आहे.

तुम्हीही या महिन्यात एक करून पाहा. टाकी तोंडापर्यंत भरा, मीटर लिहून ठेवा, पुढच्या वेळी पुन्हा तोंडापर्यंत भरा आणि भागाकार करा. डॅशबोर्डवरचा आकडा धरू नका. तुमचा आकडा मला जरूर कळवा, बाबा वाट पाहताहेत.

पुन्हा भेटू पुढच्या महिन्यात.